कंद, किरण आणि एका पेशीचा पाठलाग

गुलछडीचा शेतकरी बी पेरत नाही. जुना गड्डा उपटून तो त्याच्याभोवती सुटलेले कंद वेगळे करतो, काही दिवस सावलीत सुकवतो, सडका-पोचट माल बाजूला काढतो आणि एप्रिल-मेमध्ये बाकीचे कंद पुन्हा सरीवर लावतो. ग्लॅडिओलसचे तेच, लिलीचे तेच, हॉलंडमधल्या ट्युलिपचेही तेच. त्यामुळे कंदवर्गीय फुलपिकात एखादा वाण कितीही एकरांवर पसरला, तरी जनुकांच्या हिशेबाने तो एकाच झाडाचा विस्तार असतो. बाजाराला हे सोयीचे आहे. सगळे दांडे एका उंचीचे, सगळी फुले एका रंगाची, आणि गेल्या वर्षी जे विकले तेच या वर्षी हाती. पैदासकाराची मात्र इथे कोंडी होते. निवड करायची तर आधी वेगळेपणा हवा, आणि कंदातून येते ती हुबेहूब नक्कल.

संकराची वाट आहे, पण लांबची. ट्युलिपचे बी पेरल्यावर पहिले फूल दिसायला चार ते सात वर्षे लागतात. त्यातले एखादे रोप पसंत पडले, तर त्याचे कंद वाढवून वाण बाजारात आणेपर्यंत वीस वर्षे सहज जातात. शिवाय संकरात आईबापांचे सगळेच गुण नव्याने पिसले जातात. आवडता वाण तसाच राहावा आणि त्यातली एकच गोष्ट बदलावी, अशी सोय तिथे नसते. केशराला तर बीच धरत नाही. ते त्रिगुणित आहे, गुणसूत्रांचे तीन संच घेऊन जगणारे, त्यामुळे संकराचा दरवाजा त्याच्यापुरता बंदच. अशा पिकांसाठी उत्परिवर्तन पैदास, म्हणजे किरणांनी किंवा रसायनांनी जनुकात मुद्दाम बदल घडवून त्यातून निवड करणे, ही नव्वद-शंभर वर्षे आशा दाखवत आलेली पद्धत आहे. त्या आशेतले पदरात काय पडले, हा या लेखाचा प्रश्न.

माझे मत आधीच सांगतो. किरण देणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. गॅमा किरण देणाऱ्या कोबाल्टच्या कक्षात कंद ठेवून काढायला मिनिटे लागतात. पुढे बदललेल्या एका पेशीचा माग काढत तिच्यापासून अख्खे झाड उभे करणे, ते हजारोंतून ओळखणे आणि त्याच्या मागे वर्षानुवर्षे राहणे, हे खरे काम. जिथे ते झाले तिथे वाण मिळाले. जिथे झाले नाही तिथे शोधनिबंध तेवढे मिळाले.

कथा हॉलंडमध्ये सुरू होते. हर्मन मुलरने १९२७ मध्ये क्ष-किरणांनी फळमाशीत उत्परिवर्तने घडवून दाखवली आणि पुढच्याच वर्षी लुईस स्टॅडलरने सातूवर तेच सिद्ध केले. त्याच सुमारास डब्ल्यू. ई. डी मोल हा डच संशोधक ट्युलिप आणि हायसिंथच्या कंदांवर क्ष-किरण सोडत होता. 'फॅन्टसी' हा पॅरट जातीचा ट्युलिप मुळात 'क्लारा बट' या वाणावर आपोआप उद्भवलेला बदल. या 'फॅन्टसी'च्या कंदांना डी मोलने १९३० च्या दशकात किरण दिले आणि त्यातून 'फॅराडे' हा वाण निघाला. शोभेच्या पिकांतला किरणांनी घडवलेला पहिला व्यापारी वाण म्हणून त्याचेच नाव घेतात. त्याच दशकात जावा बेटावर टोलेनार याने तंबाखूचा 'क्लोरिना' वाण काढला. म्हणजे या पद्धतीचा पाया घातला गेला तेव्हा कंदपिके अगदी पहिल्या रांगेत होती. पुढे ती मागे का पडली, हे समजून घ्यायचे तर कंद उभा कापून पाहायला हवा.

जुलैच्या शेवटी काढणी झालेला ट्युलिपचा कंद मधोमध चिरला तर बाहेरून साठ्याचे जाड, पांढरे खवले दिसतात. तळाच्या चकतीवर, बरोबर मध्ये, टाचणीच्या टोकाएवढा वाढबिंदू असतो. पुढच्या वसंतातले फूल त्यात याच उन्हाळ्यात घडत असते. आधी पाने, मग पाकळ्या, पुंकेसर आणि शेवटी बीजकोश. खवल्यांच्या बगलेत आणखी बारीक वाढबिंदू असतात, तेच पुढच्या वर्षीचे कंद. किरण देताना मधले फूल बरेचसे तयार झाले असेल, तर एखाद्या पाकळीवर एखादा पट्टा दिसेल आणि फुलाबरोबर संपेल. बगलेतला बिंदू मात्र मोजक्या पेशींचा असतानाच किरण लागले, तर बदललेल्या पेशीच्या वाट्याला नव्या कंदाचा मोठा हिस्सा येतो. म्हणून डी मोलच्या कामात वेळेला एवढे महत्त्व होते. काढणीनंतरचे थोडे आठवडे साधले तर साधले.

दुसरी अडचण मात्रेची. भाताच्या कोरड्या दाण्याला उत्परिवर्तनासाठी साधारण १५० ते ३०० ग्रे (किरणमात्रेचे एकक) गॅमा किरण देतात. ट्युलिपच्या कंदाला साडेतीन ते साडेपाच ग्रेमध्येच भागते. त्यापुढे गेलात तर कंद कुजतात किंवा मुकाट बसून राहतात. या तफावतीची कारणे दोन. कोरड्या दाण्यात पाणी नाममात्र असते. कंद पाण्याने भरलेला असतो, आणि किरणांनी पाण्याचे रेणू फुटून निघणारे तीव्र क्रियाशील कण डीएनएवर तुटून पडतात. दुसरे कारण डीएनएच्या आकाराचे. लिली आणि ट्युलिप यांच्या एका पेशीतला जनुकसंच भाताच्या ऐंशीएक पट आणि माणसाच्या सुमारे दहा पट मोठा आहे. लक्ष्य जेवढे मोठे तेवढा नेम बसण्याचा संभव जास्त. अमेरिकेत ब्रुकहेवन प्रयोगशाळेत अर्नोल्ड स्पॅरोने गुणसूत्रांचा आकार आणि किरणांची बाधा यांचा हा संबंध १९५० आणि १९६० च्या दशकांत अनेक वनस्पतींवर पडताळून पाहिला. आपल्याकडे अजूनही एखाद्या पिकाची मात्रा दुसऱ्याला लावून अख्खा लॉट घालवल्याची उदाहरणे घडतात. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य ५.२७ वर्षांचे आहे, म्हणून जुन्या गॅमा कक्षात तीच मात्रा गाठायला दरवर्षी जास्त वेळ लागतो. हा हिशेब चुकला तर मात्रेची आधीच अरुंद असलेली पट्टी हातची जाते.

आता मुख्य मुद्दा. किरण प्रत्येक पेशीवर वेगळा आघात करतात. वाढबिंदूत शंभर पेशी असतील आणि हवा तो बदल त्यातल्या एकीत झाला असेल, तर उगवणारे झाड भेसळीचे होते. काही ऊती जुन्या, काही नव्या. वनस्पतिशास्त्रात याला कायमेरा म्हणतात. शिवाय किरणांनी दुखावलेली पेशी शेजारणीपेक्षा हळू विभागते, म्हणून दोन-तीन हंगामांत निरोगी पेशी तिला मागे टाकतात आणि बदल हरवतो. इथेच घोडे पेंड खाते. पहिल्या वर्षी फुलावर सुंदर पट्टा दिसतो, फोटो निघतो, अहवाल जातो आणि तिसऱ्या वर्षी त्या कंदातून पुन्हा जुनेच फूल उमलते. बियाण्याच्या पिकात ही अडचण आपोआप सुटते, कारण प्रत्येक बी एका फलित पेशीतून घडते. भेसळ पुढच्या पिढीत गाळली जाते. कंदात ती गाळणी नसते.

ती गाळणी कृत्रिमपणे तयार करण्याचे श्रेय वागेनिंगेनच्या कॉर्नेलिस ब्रोर्त्येस आणि त्याच्या सहकाऱ्यांना द्यावे लागेल. काही वनस्पतींच्या पानाच्या देठाशी किंवा कंदाच्या खवल्यावर नव्याने फुटणारे अंकुर बाहेरच्या थरातल्या एकाच पेशीतून उगवतात, हे त्यांनी हेरले. मग वाढबिंदूला किरण देण्याऐवजी पानाला किंवा खवल्याला द्यावेत आणि त्यावर फुटणारे प्रत्येक पिल्लू स्वतंत्र झाड म्हणून वाढवावे. जे बदलले ते पूर्ण बदललेले आणि जे नाही ते पूर्ण जुने. भेसळीचा प्रश्न मुळातच मिटतो. अकिमेनिससारख्या जमिनीखाली गाठी धरणाऱ्या फुलझाडात या पद्धतीने अल्पकाळात व्यापारी वाण निघाले. लिलीचे खवले ओल्या भुशात ठेवले की तळाशी बारीक कंद धरतात आणि हायसिंथच्या कंदाचा तळ कोरून त्यावर पिल्ले उगवायची रीत डच शेतकऱ्यांना फार आधीपासून ठाऊक होती. म्हणजे शेतकऱ्याची जुनी अभिवृद्धीची युक्ती पैदासकाराच्या कामी आली. माझ्या दृष्टीने या क्षेत्रातली सर्वांत मोलाची कल्पना हीच, किरणांपेक्षाही.

आल्स्ट्रोमेरिया हे दुसरे यशस्वी पीक. त्याचे अनेक वाण वांझ, म्हणून संकर कठीण. १९७० च्या दशकात हॉलंडमध्ये वाढत्या कोवळ्या मुळखोडांना हलके किरण देऊन त्यातून नव्या रंगांचे वाण काढले गेले आणि ते खरोखर काचघरांतून बाजारात गेले. डेलियातही तसेच झाले. डेलिया अष्टगुणित आणि जनुकांच्या दृष्टीने कमालीचा मिश्र. अशा मिश्र पिकात एखाद्या रंगाचे कार्यक्षम जनुक एकेरीच शिल्लक असेल आणि किरणांनी नेमके तेच मोडले, तर खाली दबलेला रंग लगेच वर येतो. म्हणून तिथे फळ लवकर दिसले.

ट्युलिपमध्ये मात्र निसर्गाने माणसावर मात केली, हे मान्य करायला हवे. 'मुरिलो' हा १८६० मधला जोड पाकळ्यांचा ट्युलिप. त्याच्यापासून आपोआप उद्भवलेले वाण शंभरावर आहेत. १९५१ मधल्या 'आपेलडोर्न'ने 'गोल्डन आपेलडोर्न', 'ब्यूटी ऑफ आपेलडोर्न' अशी मालिकाच दिली. पॅरट आणि झालरीच्या पाकळ्यांचे ट्युलिपही बहुतांशी अशाच आपोआप झालेल्या बदलांतून आले. हॉलंडमध्ये ट्युलिप चौदा-पंधरा हजार हेक्टरांवर आहे आणि फुलोऱ्याच्या दिवसांत माणसे एकेक ओळ तुडवत रोगट आणि वेगळी झाडे हुडकत असतात. रोगट झाड उपटायचे, वेगळे दिसले तर खूण करायची. एवढ्या नजरा एवढ्या झाडांवरून फिरल्यावर दुर्मीळ बदलही हाती लागतो. प्रयोगशाळेत काही हजार कंदांना किरण देऊन एका कोपऱ्यात लावणे आणि ही नजर यांची बरोबरी होत नाही.

एक सावधगिरी इथेच सांगायला हवी. सतराव्या शतकात ज्या रंगफुटक्या ट्युलिपसाठी हॉलंडात लोकांनी घरेदारे लावली, ते 'सेंपर आउगुस्टुस'सारखे पट्टेदार ट्युलिप उत्परिवर्तनातून आलेले नव्हते. ते विषाणूने आजारी होते. १९२८ मध्ये इंग्लंडमध्ये डोरोथी केलीने हे दाखवून दिले. मावा तो विषाणू पसरवतो आणि कंद वर्षागणिक क्षीण होत जातो. आजही पानावर किंवा फुलावर वेगळी रेघ दिसली की आधी विषाणूची चाचणी करायची, मगच आनंद मानायचा. उत्परिवर्तनाची रेघ सहसा स्वच्छ कडेची असते आणि पिल्लांत तशीच उतरते. विषाणूची विखुरलेली, पानोपानी वेगळी आणि शेजारच्या झाडावर जाणारी. नजरेने ओळखता येईल असे पुष्कळांना वाटते, पण चाचणीशिवाय खात्री नाही.

भारतात या क्षेत्राची सुरुवात चांगली झाली होती. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने गॅमा किरणांतून गुलछडीचे दोन वाण काढले. एकेरी फुलाचा 'रजत रेखा', ज्याच्या पानाच्या मध्यातून रुपेरी पांढरी रेघ जाते, आणि दुहेरी फुलाचा 'स्वर्ण रेखा', ज्याच्या पानाला पिवळ्या सोनेरी कडा आहेत. दोन्ही टिकाऊ आणि देखणे. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने ग्लॅडिओलसच्या 'वाइल्ड रोझ' वाणापासून किरणांनी 'शोभा' हा फिकट गुलाबी वाण मिळवला. ही कामे मी कमी लेखत नाही. साधने तुटपुंजी असताना भेसळीतून स्थिर वाण बाहेर काढणे सोपे नव्हते.

पण पुण्यातल्या गुलटेकडीच्या फूलबाजारात पहाटे गुलछडीचे ढीग पडतात तेव्हा खरेदीदार पान पाहतच नाही. पान तिथवर येतही नाही, सुटी फुले येतात. कळी फुगलेली पण मिटलेली हवी, पांढरीशुभ्र हवी, मूठभर घेतली तर वजन लागले पाहिजे आणि हार गुंफल्यावर संध्याकाळपर्यंत तिने काळे पडू नये. दांडा विकणाऱ्याला उंची हवी, एका दांड्यावर जास्त कळ्या हव्यात आणि फुलदाणीत वरच्या कळ्याही उमलायला हव्यात. शेतात मुळांवर सूत्रकृमी आहेत, कंदकूज आहे. पानावरची रेघ बागेच्या कडेला शोभते, हाराला तिचा उपयोग नाही. गुलछडीत शेतकऱ्याच्या कामाचे जे वाण आले ते संकरातून आणि निवडीतून आले. बंगळूरचे 'शृंगार', 'सुवासिनी', 'प्रज्वल', 'वैभव' आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा 'फुले रजनी'. 'शृंगार' तर मुळावर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीला बऱ्यापैकी दाद देत नाही.

मग किरणांनी रंग आणि रेघच का मिळते? कारण तेच नजरेला दिसते. लाख झाडांत एक पिवळे पान लांबूनही कळते. लाख कंदांत एक कंद कुजीला दाद देत नाही, हे कळायला लाखही कंद कुजीच्या परीक्षेला बसवावे लागतात. जपानमधले एक उदाहरण मला फार बोलके वाटते, जरी ते कंदाचे नसून नासपतीचे आहे. 'निजिस्सेकी' या लाडक्या वाणाला काळ्या ठिपक्यांचा रोग ग्रासत असे. १९६२ मध्ये इबाराकीतल्या शंभर मीटर त्रिज्येच्या गॅमा शेतात त्याची झाडे लावली आणि वर्षानुवर्षे किरण खात ठेवली. १९८१ मध्ये एका झाडाची एक फांदी निरोगी आढळली आणि १९९० मध्ये 'गोल्ड निजिस्सेकी' वाण आला. त्यानंतर संशोधकांनी पानाच्या चकतीवर रोगाचे विष लावून पाहायची झटपट चाचणी हाताशी घेतली आणि पुढचे निरोगी वाण लवकर सापडले. किरण तेच होते, चाळणी बदलली. ग्लॅडिओलसची मर आणि कंदकूज घडवणाऱ्या फ्युजेरियम बुरशीसाठी अशी चाळणी परीक्षानळीत लावता येते. बुरशीच्या द्रावात ऊती वाढवायच्या आणि ज्या तगतील त्यांच्यापासून रोपे करायची. प्रयोग झाले आहेत, पण ते शेतापर्यंत चिकाटीने नेणारे हात कमी पडले.

पद्धतीची खरी मर्यादाही ओळखली पाहिजे. किरण बहुधा जनुक मोडतात, घडवत नाहीत. गुलाबी ग्लॅडिओलस पांढरा होईल, पांढरा गुलाबी होण्याची आशा फार थोडी. जांभळे रंगद्रव्य बनवण्याची यंत्रणाच ज्या पिकात नाही, तिथे कितीही किरण दिले तरी ती उगवणार नाही. रंगीत गुलछडीची मागणी अधूनमधून होते. ती हवी असेल तर मेक्सिकोतल्या तिच्या शेंदरी-लाल फुलांच्या रानटी नातेवाइकांशी संकर करावा लागेल. गॅमा कक्षाचा तिथे उपयोग नाही. उलट एखादी नको असलेली गोष्ट काढून टाकायची असेल, जसे लिलीचे कपड्यांवर डाग पाडणारे पराग, तर हीच मोडण्याची ताकद कामाची ठरते.

रसायने, विशेषतः इएमएस (इथाइल मिथेन सल्फोनेट), बारीक बदल घडवतात, पण जाड कंदाच्या आत ती नीट पोचत नाहीत. म्हणून ती उतीसंवर्धनातच शोभतात. जपानच्या रिकेन संस्थेने जड आयनांचे झोत वापरले आणि त्यातून डेलियासह काही फुलांचे वाण काढले. मारा दाट असल्याने कमी मात्रेत जास्त बदल होतो आणि वाढ कमी खुंटते. लिलीत जनुक-संपादनही २०१९ मध्ये साधले आहे. भारताने २०२२ मध्ये परके जनुक न घालता केलेल्या संपादनाला जनुकीय पिकांच्या कडक नियमांतून सूट दिली. तरीही लिली-ट्युलिपसारख्या अवाढव्य जनुकसंचात नेमके कुठे काय बदलायचे हे आधी ठाऊक असावे लागते. ते ज्ञान अजून तुटपुंजे आहे. म्हणून आंधळा पण उदार असा किरणांचा मार्ग काही वर्षे तरी लागणारच. किरण दिलेला कंद किरणोत्सारी होत नाही, हेही सांगून टाकतो, कारण ही भीती सुशिक्षितांतही आढळते.

कायद्याकडे आपले लोक लक्ष देत नाहीत, आणि तिथेच पुढे हात पोळतील. आपल्या २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात 'मूलतः व्युत्पन्न वाण' अशी तरतूद आहे. संरक्षित डच लिलीला किरण देऊन तुम्ही नवा रंग काढलात, तर तो व्युत्पन्न ठरतो आणि मूळ मालकाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. आयात कंदांवर दहा वर्षे राबून शेवटी दुसऱ्याच्या दारात उभे राहण्याची ही पाळी टाळायची तर सुरुवातच मोकळ्या वाणापासून करावी लागेल. जुनी एकेरी गुलछडी तशी मोकळी आहे, कोणाच्या मालकीची नाही.

म्हणून गुलछडीवर मनापासून काम व्हावे असे मला वाटते, आणि ते महाराष्ट्रात व्हावे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने भुईमूग, कडधान्ये, भात यांचे पन्नासांहून अधिक वाण किरणांच्या मदतीने दिले आहेत. 'टीएजी-२४' भुईमूग मराठी शेतकऱ्याला नवा नाही. मात्रेचा, यंत्रांचा, निवडीचा अनुभव तिथे आहे. फुलांच्या संशोधनाचे राष्ट्रीय संचालनालय पुण्यात आहे, गणेशखिंडीला ग्लॅडिओलसचे 'फुले गणेश', 'फुले प्रेरणा' घडवणारी मंडळी आहेत. किरण द्यायचे ते सूक्ष्म उतींना, म्हणजे रोपे शक्यतो थोड्या पेशींतून उभी राहतील आणि भेसळ उतीसंवर्धनाच्या फेऱ्यांत झडेल. निवडायचे ते पानाच्या रेघेवर नव्हे, कळीच्या वजनावर, मिटून राहण्याच्या तासांवर आणि सूत्रकृमींच्या वाफ्यात तगण्यावर. गुलछडी लावल्या वर्षीच फुलते आणि एका कंदाभोवती पिल्लेही भरपूर धरते, त्यामुळे ट्युलिपसारखी वीस वर्षे थांबायला नको. पण आपल्याकडे तीन वर्षांच्या प्रकल्पाचा निधी संपला की वाफे मोडून कंद फेकले जातात. बदललेली पेशी खरी वर येते ती बहुतेकदा त्यानंतरच्या दोन-तीन हंगामांत. निधीची मुदत ठरवताना निदान एवढे तरी पाहावे, आणि तोवर त्या वाफ्यांना पाणी देणारा माणूस कामावर ठेवावा.